छपरावरचं जाळं

मागच्या वादळात घर वाचलं, म्हणून चांगुणा कोळीण रोज सकाळी छपराला हात जोडायची. कौलांवर तिच्या नवऱ्याचं जुनं मासेमारीचं जाळं ताणून बांधलेलं होतं.

जुनी घरं वादळाच्या नियमांत बसतात का, हे तपासायला इंजिनिअर साहेब आले आणि जाळं बघून खो-खो हसले. "बाई, जाळ्यानं मासे धरतात, छप्पर नव्हे! घर नापास."

"छप्पर तर धरलंच, साहेब," चांगुणा नम्रपणे म्हणाली, "शिवाय तुमच्या नव्या कचेरीचा उडालेला निळा पत्राही यातच अडकला. परसात जपून ठेवलाय. न्यायला स्वतः आलात, उपकार झाले!"

साहेब परसात जाऊन आले, ते हात जोडूनच. "घर पास, बाई. कचेरीसाठी एखादं जाळं मिळेल?"