बुधवारचा डबा

एका विमा कंपनीत टिपणीस नावाचे साहेब होते. समतेवर भाषण द्यायची त्यांना भारी हौस. एका बुधवारी ऐन जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ‘मनमोकळा संवाद’ ठेवला आणि ऐटीत म्हणाले, "आपल्या ऑफिसात जातपात औषधालाही सापडायची नाही. सगळे एका टेबलावर जेवतो. कुणाला वेगळं वाटत असेल तर खुशाल बोला!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुमेधा रणपिसे इतकी वर्षं त्याच टेबलाच्या कडेला जेवत होती. बोलून काही व्हायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती उठली.

"भेदभाव नाहीच, साहेब. माणसंच फार भाविक आहेत. मी डबा पुढे केला की सोमवारी शंकराचा उपवास निघतो, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा. बुधवारी देव सापडत नाही, म्हणून सगळ्यांचं पोट दुखतं."

हशा पिकला. साहेबही हसले. "हा तुमचा गैरसमज आहे, सुमेधाताई."

सुमेधाने डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. मेथीची भाजी होती आणि भाकरी. "मग घ्या ना घासभर."

हसणं थांबलं. साहेबांनी भाजीकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं आणि ओशाळं हसत म्हणाले, "घेतला असता हो, पण आज नेमका माझा उपवास."

सुमेधाने डब्याला झाकण लावलं.

"बरं झालं, साहेब. बुधवारलाही देव मिळाला. आता कुणाचं पोट तरी दुखायचं नाही."