पितळी कमळाचं झाकण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. डोंगर तेव्हाही होते, आणि मोटारी नुकत्याच कुठं म्हाताऱ्या व्हायला लागल्या होत्या.

डोंगरांच्या मधोमध एक खोलगट गाव होतं. कुठंही जायचं म्हटलं की आधी खिंड चढायची. वैद्यबाईंचं घरही खिंडीपलीकडं. म्हणून साऱ्या गावाचा जीव एका जुन्या मोटारीवर. तिचं नाव मैना, आणि ती चालवायचा केरबा.

मैनेच्या नाकाडात पाण्याची टाकी होती. इंजिन तापलं की हे पाणी त्याला थंड करायचं. टाकीच्या तोंडावर एक गंजकं झाकण, आणि बाजूला नळी लावून बांधलेली बाटली. टाकीतलं जास्तीचं पाणी बाटलीत यायचं, गाडी निवली की परत आत जायचं. असं सगळं कसं बिनबोभाट चाललं होतं.

खंडेनवमीला गावात हत्यारांची, अवजारांची पूजा व्हायची. त्या वर्षी रावजी तांबट काठी टेकत आले. गाव त्यांना तात्या म्हणायचं. हात थरथरायचे, तरी त्यांनी मैनेसाठी नवं झाकण घडवलं होतं. लखलखीत पितळी, वर उमललेलं कमळ. बायाबापड्या "अगं बाई!" करून बघत राहिल्या. तात्यांनी ते स्वतः बसवलं, त्याला हळदकुंकू लावलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या हातचं शेवटचं काम," ते म्हणाले.

केरबानं गंजकं झाकण सीटखालच्या पेटीत टाकलं.

त्यानंतर मैना खिंड चढायला लागली की बाटली भरायची, पाणी रस्त्यावर सांडायचं आणि नाकाडातून वाफ निघायची. मग काय, गावात सल्ले देणाऱ्यांना कुठं तोटा असतो? पाटील म्हणाले, "पाणी कमी पडतंय, काठोकाठ भर." भरलं, तर जास्तच सांडलं. कोणी म्हणालं, बाटली मोठी बांध. बांधली, तीही भरून वाहिली. कोणी लिंबूमिरची टांगली. आणि ज्याला काहीच सुचलं नाही तो म्हणाला, "म्हातारी झालीय, भंगारात घाला."

केरबाच्या काळजाला ते लागलं. एका सकाळी गाडी थंडगार असताना तो तपासायला बसला. पंखा फिरवून पाहिला, नीट होता. पट्टा ताठ होता. कुठं गळती नव्हती. मग झाकण काढून इंजिन चालू केलं आणि टाकीत डोकावला. पाण्यात बुडबुडे आले असते तर इंजिन आतून फुटलंय असं समजायचं. पाणी शांत होतं. मैना धडधाकट होती!

शेवटी त्यानं हातातलं झाकण उलटं करून पाहिलं. वर कमळ, खाली नुसतं गुळगुळीत पितळ. त्यानं पेटीतलं गंजकं झाकण काढलं. त्याच्या पोटात स्प्रिंग होती, रबराची चकती होती. तीच तर टाकीचं तोंड दाबून धरायची, आणि दाबातलं पाणी सहजी उकळत नाही.

केरबाला सगळं कळलं. आणि त्यानं काय केलं असेल? कमळ होतं तसं परत बसवलं.

"सापडलं का वो?" त्याच्या बायकोनं, हौसानं विचारलं.

"नाही."

"तोंड तर सांगतंय सापडलंय म्हणून."

मग त्यानं सांगितलं. हौसा म्हणाली, "जाऊन सांगा की तात्यांना. भीड भिकेची बहीण असते."

"अगं, म्हातारा रडला होता त्या दिवशी! रोज सकाळी येऊन ते कमळ पुसतो. कसं सांगू? आणि गुपचूप बदललं, तर चार तोंडांनी त्यांच्या कानावर जाईलच."

त्यानं आपला सोपा रस्ता काढला. गाडीत पाण्याच्या कळश्या ठेवायच्या आणि वळणावळणाला थांबून ओतायचं. लोक कुरकुरायचे, पण पोचायचे. चाललंय ना, मग चालू दे! आपण सगळेच असं म्हणतो.

तात्यांची लेक चिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. सुईणीनं पोट चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. "मूल आडवं आलंय. माझ्या हातचं नाही हे. वैद्यबाईंकडं न्या."

चिमाला मागं निजवलं. सुईण तिच्याजवळ बसली. आज तरी झाकण बदलावं असं केरबाच्या मनात आलं. पण तात्या पुढं होऊन कमळावर हात ठेवून देवाचं नाव घेत होते. केरबानं मान खाली घातली, तात्यांना शेजारी बसवलं आणि गाडी काढली.

चढ सुरू झाला. बाटली भरली, वाफ निघाली. कळशी ओतली, पुढं गेले, पुन्हा वाफ. अर्ध्या खिंडीत इंजिन लालबुंद तापलं आणि मैना थांबली. एकच कळशी उरली होती. मागं चिमा कण्हत होती.

"केरबा, बघ ना रे काय झालंय!" तात्या कळवळले.

केरबाला आता राहवेना. "तात्या, झाकण. तुमचं झाकण. त्यात स्प्रिंग नाही, पाणी दाबून धरत नाही."

"तुला कधी कळलं?"

"लई दिवस झाले."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचा मान राखला, तात्या."

"मान?" तात्यांचा आवाज चिरकला. "माझी लेक मागं तळमळतेय, आणि तू माझा मान राखतोस?"

केरबा रडायला लागला. पण रडून गाडी निवते थोडीच! तापल्या टाकीला हात लावता येत नव्हता. वाट बघावीच लागली, आणि ती वाट सगळ्यांना फार जड गेली. शेवटी तात्यांनी उपरण्याची घडी करून स्वतः कमळ हळूहळू सैल केलं, काढलं आणि गवतात ठेवलं. केरबानं उरलेली कळशी ओतली. तात्यांनी पेटीतलं गंजकं झाकण घट्ट बसवलं.

मैना उरलेला चढ चढली. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

वैद्यबाईंनी पोटावरून हात फिरवत मूल वळवलं. संध्याकाळी मुलगी झाली. चिमा वाचली, पण पुढं कितीतरी दिवस तिला उठून बसवत नव्हतं. "इतका उशीर का केलात?" बाईंनी विचारलं.

परतताना तात्यांनी गवतातलं कमळ उचलून आणलं आणि नातीच्या पाळण्यावर टांगलं. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी हळदकुंकू लावलं ते त्या गंजक्या झाकणाला. मग केरबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझं चुकलं तर पुढच्या वेळी तोंडावर सांग, बाबा. मी रडेन घटकाभर. रडू दे."

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ध्यानात ठेवा: ज्याचा मान राखायचा, त्याला खरं सांगावं, भिडेपोटी झाकलेली चूक एक दिवस त्याच्याच जिवावर उठते.