हैबतीची मान

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, आपल्या कुसळवाडीत हैबती पैलवान होता. मानेत दगडी कडं घालून बैठका मारायचा. एक कडं बस होतं. पण गडी हावरा. बघायला पाहुणे आले म्हणून दुसरं घातलं. कट्ट झालं! तो आवाज नदीपलीकडं गेला, असं म्हणतात.

तेव्हापासून मान जी धरली ती धरलीच. हसू नका, तुमचीही धरेल. कुणी तेल चोळलं, कुणी शहाण्यानं ओढून पाहिली. हैबती बोंबलला, मान जागच्या जागी. वर डोकं असं ठणकायचं की कोंबडा आरवला तरी डोळ्यांत पाणी. बायको सारजा तव्यावर वाळू तापवायची, फडक्यात बांधून मानेवर ठेवायची. तेवढाच आराम. मागं बघायचं तर अख्खा हैबती वळायचा, भरली बैलगाडी वळवावी तसा.

जत्रेत वरची आळी आणि खालची आळी भांडायची, पालखीचा पहिला मान कुणाचा म्हणून. त्या साली काठ्या निघाल्या, त्याही हैबतीच्या दारात. आत त्याचं डोकं फुटायला आलेलं, बाहेर बाकीच्यांची फुटणार होती. मानेवरची वाळूची पुरचुंडी सावरत तो मधोमध येऊन उभा राहिला.

"मान पाहिजे? ही माझी घेऊन जा," तो कण्हला. "आणि मारायचं तर मारा रं एकमेकांना, पण आवाज करू नका."

आता आवाज न करता शिवी कशी द्यायची? वरच्या आळीचा रावजी कुजबुजला, "पैलवान, हे लबाड हायती."

"थांब. त्यांचंबी ऐकू दे," म्हणत हैबती वळायला लागला.

वळायला लागला तेव्हा रावजीची गाय गाभण होती, वळून झाला तेव्हा वासरू दूध पीत होतं, असं म्हणतात. तोवर दोन्ही आळ्या काठ्यांवर हनुवट्या टेकून पेंगल्या.

"हं, तुमचं काय?" हैबतीनं विचारलं.

खालच्या आळीचा म्होरक्या डोकं खाजवत राहिला. "काय तरी होतं बघा..."

"मग उचला की पालखी," सारजा दारातनं म्हणाली. "पुढं वरचे, मागं खालचे. पुढच्या साली उलटं. आणि ह्या दारापुढं ढोल वाजवायचा न्हाई!"

हैबती पुढं म्हातारा होऊन गेला, मानेसकट. आजही पालखी त्याच्या दारापुढं आली की ढोल थांबतो आणि उंबऱ्यावर तापल्या वाळूची पुरचुंडी ठेवतात. गावात भांडण झालं की तिथंच जायचं, कुजबुजत भांडायचं. एकाचं बोलून झालं आणि दुसऱ्यानं लगेच तोंड उघडलं, की म्हातारी माणसं त्याचा हात दाबतात.

"दम धर. हैबती वळतोय."