सहा दोऱ्या आणि वर थोडं

"रेडियन म्हणजे काय, एवढंच विचारलं ना पोरीनं? मग तू काय सांगितलंस?"

"सूत्र सांगितलं, बुवा. एकशेऐंशी अंश म्हणजे पाय रेडियन. बावीस वर्षं तेच सांगतोय."

"मग?"

"म्हणाली, 'पण सर, तो दिसतो कसा?'..." खानोलकर सर घुटमळले. "मी तिला वर्गाबाहेर काढलं."

गणितात आपला हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, अशी सरांची पक्की समजूत. पण त्या प्रश्नानं त्यांचं जेवणावरचं मन उडालं होतं. उद्या पुन्हा तिच्यासमोर उभं राहायचं आणि उत्तर नाही, याची त्यांना चक्क लाज वाटत होती. म्हणून ते मठात आले होते. धुंडिबुवा पूर्वाश्रमीचे सुतार, मठाच्या रथाची चाकं अजून तेच घडवत.

बुवांनी जमिनीवर आडवं टाकलेलं चाक दाखवलं.

"यात अंश किती?"

"तीनशेसाठ."

"ते कुणी घातले?"

"...माणसांनी."

"मग चाकाचं स्वतःचं माप कुठलं?"

सर वाकून चाकाकडे पाहू लागले. असं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर?"

बुवांनी तेवढीच दोरी कापून दिली. "मोज कडेनं."

सरांनी फळ्यावरच्या सवयीनं एक टोक कडेवर दाबलं, दोरी सरळ ताणली आणि दुसरं टोक कडेला लागलं तिथे खडूची खूण केली. मग तिथून पुढे. सहा वेळा... आणि सहावी खूण नेमकी पहिल्या टोकावर आली.

सरांचा चेहरा उतरला. "असं कसं? सहाच्या वर थोडं उरायला हवं!"

"तुझ्या चाकाला सहा कोपरे आहेत. रथ ठेचकाळत जाईल."

बुवांनी तीच दोरी हातात घेतली आणि चाकाच्या बाहेरच्या कडेला अंगठ्यानं बिलगवत नेली. टोक सरांच्या खुणेच्या अलीकडेच थांबलं. तिथे त्यांनी नवी खूण केली.

सरांनी मध्यापासून दोरीच्या दोन्ही टोकांपर्यंत रेघा ओढल्या आणि बघतच राहिले.

"हाच! हाच एक रेडियन!" मग स्वतःशीच पुटपुटले, "चाक लहान घेतलं, तर दोरीही लहान... पण कोन हाच."

ते पोरासारखे गुडघ्यांवर बसून चाकाभोवती सरकू लागले. या वेळी सहा दोऱ्या झाल्या आणि पाव दोरीहून जरा जास्त जागा उरली. त्या जागेवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं. त्यांना फार आनंद झाला होता.

"बुवा, उद्या वर्गात गेल्या गेल्या तिला हे सगळं समजावून सांगतो!"

बुवांनी दोरी गुंडाळून त्यांच्या खिशात घातली.

"समजावू नकोस. दोरी तिला दे... पण आधी तू मघासारखी सरळ ताणून दाखव."