पाला दे ना, निरगुडीताई!

एक होतं पिल्लू. आजच अंड्यातून आलेलं. पिवळं पिवळं, एवढंसं! आईच्या पंखाखाली बसलं होतं. मस्त ऊब!

तेवढ्यात आई उठली. फडफड फडफड! ऊब गेली.

"आई गं, का उठलीस?"

"पिसवा चावतात रे बाळा! खाज खाज खाज! खुराड्यात निरगुडीचा पाला अंथरला, तर पळतील. तोवर मी काही बसत नाही."

पण अंडी? अंड्यांत भावंडं होती. टक टक, टक टक, आतून वाजत होतं. अंडी गार झाली तर भावंडं बाहेर कशी येणार?

"मी आणणार पाला!" पिल्लू म्हणालं. निघालं तुरुतुरु, तुरुतुरु.

कुंपणाशी होती निरगुडी.

"पिसवा काही जाईनात,
आई काही बसेना,
अंडी होतील गार!
निरगुडीताई, पाला दे ना!"

"देईन की! पण माझ्यावर अमरवेल चढलीय. माझा रस पितेय. आधी ती काढ."

पिल्लू रडलं? छे! निघालं तुरुतुरु, तुरुतुरु.

गोठ्यात होती शेळी.

"निरगुडी पाला देईना,
पिसवा काही जाईनात,
आई काही बसेना,
अंडी होतील गार!
शेळीमावशी, वेल खा ना!"

"खाईन की! पण माझ्या कानात गोचीड चिकटलीय. आधी ती काढ."

पिल्लू रडलं? छे! निघालं तुरुतुरु, तुरुतुरु.

परसात होती अनसाआत्या. वांग्यांपाशी बसलेली, कपाळाला हात लावून.

"शेळी वेल खाईना,
निरगुडी पाला देईना,
पिसवा काही जाईनात,
आई काही बसेना,
अंडी होतील गार!
अनसाआत्या, गोचीड काढ ना!"

"काढीन की रं! पन माज्या वांग्यावर अळ्या पडल्यात. आदी त्या काढ."

आता कोणाकडे जायचं? इकडे कोणी नाही. तिकडे कोणी नाही.

पिल्लू रडलं? थोडंसं रडलं. मग त्याने अळीकडे पाहिलं. अळीने पिल्लाकडे पाहिलं. अळी हिरवी, वळवळ वळवळ. पिल्लाला भीती वाटली. पण अंडी गार होत होती ना!

"मीच खाणार!"

टिप! गट्टम! टिप! गट्टम! एकसुद्धा अळी उरली नाही.

"आगं बया! एवढंसं पिल्लू!" आत्या हसली आणि उठली.

आत्याने गोचीड काढली, चट्ट!
शेळीने वेल खाल्ली, चर चर चर!
निरगुडीने पाला दिला, सळ सळ सळ!

आत्याने तो ओंजळीत घेतला. पुढे पिल्लू, मागे आत्या. पाला खुराड्यात अंथरला.

"ईऽऽ! काय हा उग्र वास!" पिसवा ओरडल्या. पळा पळा पळा!

आई आली. अंड्यांवर बसली. अंडी झाली ऊन ऊन.

टक टक, टक टक, टचकन! चिव! चिव! चिव! सगळी भावंडं बाहेर!

आईने पंख उचलला. "ये रे माझ्या धीराच्या बाळा, तू सगळ्यांत आधी."

पिल्लू शिरलं आत, अगदी मधोमध. किती छान वाटलं त्याला!

पिसवा गेल्या पळून, पिल्लू बसलं दडून.