कोऱ्या उत्तरांचा होकार

कराडजवळच्या एका वसाहतीचे अध्यक्ष दादासाहेब निंबाळकर यांनी मुलांचं मैदान मोडून तिथे लग्नाचा हॉल बांधायचं मनावर घेतलं. सभासदांची मतं घ्यायला त्यांनी शर्वाणी बेंद्रे या प्रोग्रामरकडून मोबाइल अ‍ॅप करून घेतलं. निम्म्या घरांनी उत्तरच दिलं नाही. शर्वाणीच्या क्वेरीने, म्हणजे मतं मोजणाऱ्या आज्ञेने, ती कोरी उत्तरं बाजूला ठेवली आणि हॉल हरला.

भरसभेत दादासाहेब तिच्यावर उखडले. "क्वेरी चुकलीय तुमची. गप्प बसले म्हणजे त्यांना हॉल हवाच आहे. कोरी उत्तरं होकारात धरा, आत्ताच्या आत्ता."

सभासद माना खाली घालून बसले. शर्वाणीला पुढची कामं देणंही दादासाहेबांच्याच हातात होतं. तरी तिने शांतपणे लॅपटॉप उघडला.

"धरते, साहेब. त्याआधी एक विचारू? हॉल मैदानाऐवजी तुमच्या बंगल्याच्या बागेत बांधला तर चालेल का?"

दादासाहेबांनी आ वासला, पण शब्द फुटेना.

"उत्तर कोरं," टाइप करत शर्वाणी म्हणाली. "म्हणजे होकार."

दादासाहेब ताडकन उठले. "अहो, मी हो कधी म्हणालो?"

"हो म्हणालाच नाहीत," शर्वाणी म्हणाली. "आणि हे लोकही हो म्हणालेले नाहीत."

आधी मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळी सभाच हसू लागली. क्वेरी होती तशीच राहिली, आणि मैदानही.