बाटलेलं बोहलं

नगरपालिकेने नियम केला, की जात-धर्म बघून कुणालाही मंगल कार्यालय नाकारायचं नाही. मात्र खरोखरच कुणाचा धर्म आड येत असेल, तर त्याने तसं लिहून द्यावं, सूट मिळेल. कार्यालयाचे मालक तात्यासाहेब गुळवे यांना एवढी फट पुरेशी होती.

दस्तगीर गवंड्याच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, आणि गावात दुसरं कार्यालय नाही. भर सुनावणीत तात्यासाहेबांनी अर्ज वाचला, "परधर्मीयाचा हात लागला की वास्तू बाटते. बाटलेल्या जागेत लागलेलं लग्न आमचा धर्म मानत नाही."

मुख्याधिकारी बाई सही करणार, तोच नवरी मुलगी नसीम उठली.

"बाई, सूट जरूर द्या. पण त्या कार्यालयाची फरशी माझ्या अब्बांनी बसवलीय, बोहल्यासकट. तेव्हा तिथे आजवर लागलेली सगळी लग्नं रद्द, हेही तात्यासाहेबांकडून लिहून घ्या. पहिलं त्यांच्याच मुलीचं लागलं होतं."

तात्यासाहेबांनी झडप घालून अर्ज ओढला आणि टराटरा फाडला.

मागच्या रांगेत मोठ्या आशेने उठून उभे राहिलेले त्यांचे घरजावई पुन्हा मुकाट्याने खाली बसले.